पटावरचे नगर, पटाबाहेरचे नगर : पाळीच्या खेळांविषयी खेळाडूंचे अभिप्राय

१

खेळाविषयी तत्त्वचिंतकांनी काय म्हटले आहे याची नोंद अभ्यासक आवर्जून घेतात. योहान हायझिंगा यांचा ‘होमो लुडेन्स’ (१९३८) आणि रोजे काय्वा यांचा खेळांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ (१९५८) यांचे संदर्भ तौलनिक साहित्याभ्यासात आता रुळले आहेत. परंतु प्रत्यक्ष खेळणारा खेळाबद्दल काय म्हणतो, कोणता नियम त्याला अन्यायाचा वाटतो, कोणती हार तो आपली मानतो आणि कोणती दैवावर ढकलतो, याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. खेळाडूचा अभिप्राय म्हणजे आवडीनिवडीची नोंद, एवढेच त्याचे मोल समजले जाते. वस्तुतः खेळाडू जेव्हा नियमाविषयी बोलतो तेव्हा तो काळ, मृत्यू आणि जबाबदारी यांविषयीही काहीएक भूमिका घेत असतो. ती भूमिका त्याला स्वतःला नेहमीच दिसते असे नाही; ती दाखवून देणे हे समीक्षेचे काम ठरते.

या दृष्टीने दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. पहिले लखनौचे : प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाड़ी’ (१९२४) ही कथा आणि सत्यजित राय यांनी तिच्यावरून केलेला त्याच नावाचा चित्रपट (१९७७). दुसरे ‘इन्टू द ब्रीच’ (२०१८) या संगणकीय खेळाचे. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस यांच्या ‘सबसेट गेम्स’ने तयार केलेला हा खेळ दिसायला मुद्दाम जुन्या धाटणीचा, ठळक पिक्सेलांचा आहे, तो आळीपाळीने चाली करून खेळायचा आहे, आणि त्याचा पट बुद्धिबळाप्रमाणेच आठ बाय आठ घरांचा आहे. ही उदाहरणे शेजारी ठेवण्याला घरांच्या संख्येचे साम्य हे निमित्त आहे. खरे कारण असे की दोन्हीकडे खेळाडूंचे बोलणे एकाच प्रश्नाभोवती फिरते : पट आणि नगर यांचे नाते काय?

२

प्रेमचंदांची कथा लखनौच्याच ‘माधुरी’ मासिकात प्रथम प्रसिद्ध झाली. कंपनी सरकारने १८५६ मध्ये अवध खालसा केले, त्या काळात मिर्झा सज्जाद अली आणि मीर रौशन अली हे दोन जहागीरदार बुद्धिबळात गढलेले आहेत. घरातून उठवणी झाली तेव्हा ते गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत पट मांडतात. फौज जाते, नवाब कैद होऊन जातो, तरी डाव चालूच राहतो. शेवटी खेळावरूनच भांडण होते, तलवारी निघतात आणि दोघेही मरतात. पटावरच्या वजिरासाठी प्राण देणाऱ्यांना गादीवरच्या राजासाठी एक अश्रूही आला नाही, असा या कथेचा प्रचलित अन्वय आहे आणि तो चुकीचा नाही.

मात्र भांडण नेमके कशावरून झाले याकडे या अन्वयात सहसा लक्ष जात नाही. ते चाल परत घेण्यावरून झाले. मिर्झांची तक्रार अशी की मीर चाल करतात आणि मग ती बदलतात. मोहरा उचलून ठेवला की चाल झाली. मीरांचा फर्जी मारला जात आहे, आणि त्यांचे म्हणणे असे की चाल अजून झालेलीच नाही. मोहरा त्याच घरात परत ठेवायचा की नाही, या वादातून बोलणे कुळाच्या प्रतिष्ठेवर जाते आणि तेथून तलवारीवर. म्हणजे कथेतील मृत्यूचे तात्कालिक कारण हा नियमाविषयीचा मतभेद आहे. केलेली कृती मागे घेता येते काय, हा तो प्रश्न. त्याच वेळी शहरात जी कृती घडत आहे ती मागे घेता येण्यासारखी नाही, ही या मतभेदामागची शोकात्म विडंबना आहे. प्रेमचंदांनी ती शब्दांत मांडलेली नाही. कथेच्या रचनेतच ती बसवली आहे.

राय यांच्या चित्रपटात अभिप्रायांचा आणखी एक पदर येतो, आणि तो मूळ कथेत नाही. मुन्शी नंदलाल हे गृहस्थ मीर-मिर्झांना इंग्रजी पद्धतीचे बुद्धिबळ समजावतात. त्यात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते, वजिराच्या जागी राणी असते आणि त्यामुळे डाव लवकर आटोपतो. दोघा खेळाडूंची प्रतिक्रिया जाणकाराची आहे. आपला खेळ या लोकांना संथ वाटतो की काय, असा त्यांना प्रश्न पडतो. आगगाडी आणि तारायंत्र आणणाऱ्यांची घाई ते खेळातही ओळखतात. रसिक म्हणून त्यांचे निरीक्षण अचूक आहे. परंतु नियम बदलणारा तो राज्यही बदलणार आहे, हा निष्कर्ष त्यांच्या निरीक्षणातून निघत नाही. चित्रपटाच्या अखेरीस दोघे मरत नाहीत. चुकून पिस्तुलाचा बार उडतो, शालीवर निभावते, आणि मग वजिराला बाजूला सारून राणीचे स्वागत करीत ते इंग्रजी पद्धतीने नवा डाव मांडतात. प्रेमचंदांनी खेळाडूंना चाल परत घेऊ दिली नाही. राय यांनी त्यांना एक डाव परत दिला, पण तो दुसऱ्याच्या नियमांचा. मृत्यूपेक्षा हा शेवट सौम्य आहे असे म्हणणे कठीण आहे.

नियमांतराची ही घटना केवळ चित्रपटापुरती नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातील त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजी अनुवादातून प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावरच तो युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचे नमूद होते. पंजाबातील मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढले आणि नवे नियम आत्मसात करून १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद मिळवते झाले. मराठी भाषेने मात्र आपल्यापुरता एक तोडगा काढला. खेळ पूर्णपणे आंतरराष्ट्रीय नियमांचा झाला, तरी मराठी खेळाडू आणि वृत्तपत्रे आजही ‘वजीर’, ‘उंट’ आणि ‘हत्ती’ हेच शब्द वापरतात. राणीची चाल आली. नाव वजिराचेच राहिले.

३

‘इन्टू द ब्रीच’ ज्या कुळातला आहे त्याला ‘रोगलाइक’ म्हणतात. येथील ‘रोग’ म्हणजे भामटा या अर्थाचा इंग्रजी शब्द. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास रचलेल्या खेळाचे ते नाव. त्या खेळात चित्रे नव्हती. भुयार म्हणजे रेघा आणि ठिपके, राक्षस म्हणजे इंग्रजी वर्णमालेतील मोठी अक्षरे. भुयार प्रत्येक वेळी नव्याने रचले जाई, खेळ पाळीपाळीने चाले, आणि नायक मेला की डाव कायमचा संपे. पुढे २००८ मध्ये बर्लिन येथे जमलेल्या रचनाकारांनी या कुळाची लक्षणे नोंदवली, त्यांत कायमचा मृत्यू, पाळीपाळीची चाल आणि दैवयोगाने बनणारा प्रदेश यांना वरचे स्थान आहे. रीतिग्रंथांतील लक्षणचर्चेशी याचे साम्य लक्षणीय आहे. काव्याप्रमाणे येथेही लक्षणे ठरताच ‘हा त्या प्रकारात बसतो का’ हा वाद सुरू झाला, आणि तो आजही खेळाडूंच्या अभिप्रायांचा मोठा भाग व्यापतो.

जुन्या धाटणीच्या रूपाविषयी खेळाडूंची दोन मते आढळतात. काहींना ते स्मरणरंजन वाटते, काहींना शिस्त. दुसऱ्या मताला लखनौकडून दुजोरा मिळतो. राय यांच्या चित्रपटात मोहरे नाहीसे झाल्यावर मीर आणि मिर्झा घरातल्या खाण्याच्या जिनसा पटावर मांडून खेळू लागतात. त्यात विनोद आहे, पण नियम शाबूत असेल तर भाजीलाही वजीर होता येते, ही खेळाच्या चिन्हव्यवस्थेची जाणही आहे. ‘रोग’मधील अक्षर-राक्षस आणि ‘इन्टू द ब्रीच’मधील बोटभर यंत्रमानव हे याच जातीचे आहेत. चित्र जितके उणे, तितका नियम स्पष्ट.

या खेळाचे कथानक असे : जमिनीखालून येणारे ‘वेक’ नावाचे महाकाय किडे मानवी वस्ती उद्ध्वस्त करीत आहेत आणि भविष्यातून आलेले चालक तीन यंत्रमानवांच्या साहाय्याने ती वाचवू पाहत आहेत. रचनेचा गाभा असा की प्रत्येक पाळीच्या आधी शत्रू आपला पुढचा हल्ला उघड करतो. कोण कोठे मारणार हे खेळाडूला दिसते. ढकलून, अडवून किंवा स्वतः आड येऊन ते टाळणे एवढेच त्याच्या हाती असते. खेळाडूंच्या अभिप्रायांत सर्वाधिक स्तुती या उघडपणाची होते. हरल्यावर दैवाला दोष देता येत नाही, चूक आपलीच असते, असे मत पुन्हापुन्हा व्यक्त होते. काय्वा यांच्या परिभाषेत सांगायचे तर दैवाचा अंश वजा करून स्पर्धेचा अंश वाढवल्याबद्दलची ही पसंती आहे. द्यूत आणि चतुरंग यांतला जुना भेद येथे नव्या रूपात येतो. इमारतीवर घाव बसला तरी ती टिकण्याची थोडी शक्यता खेळाने ठेवली आहे. पण जाणते खेळाडू तिच्यावर बेत आखणे कमीपणाचे मानतात. कृपा झाली तर घ्यावी, मागू नये, असा हा संकेत.

आक्षेपही याच गुणातून निघतो. सर्व काही उघड असेल तर लढाई उरत नाही, कोड्यांची माळ उरते. आणि रोगलाइकमधून आपोआप घडणारी साहसकथा येथे घडत नाही, असे काहींचे म्हणणे आहे. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी खेळांच्या इतिहासाचा विचार तो अपुरा करतो. ‘विलासमणिमंजरी’ हा ग्रंथ मुख्यत्वे पटावरील अवघड स्थितींचाच संग्रह आहे. डावाच्या मध्यातून स्थिती उचलावी आणि तिचा उलगडा मागावा, ही रीत पाळीच्या खेळात फार जुनी आहे. कोडे ही लढाईची उणीव नव्हे, तिचा अर्क आहे.

४

सर्वांत अर्थपूर्ण मतभेद आहे तो चाल परत घेण्याविषयीचा. यंत्रमानवाने घाव घालण्यापूर्वी केलेली हालचाल मागे घेता येते, आणि प्रत्येक लढाईत एकदाच संपूर्ण पाळी नव्याने खेळता येते. परंपरानिष्ठ खेळाडूंना ही सवलत कुळधर्माशी विसंगत वाटते; इतरांना ती माणुसकीची वाटते. कोणत्या क्षणी ती वापरावी, हा तर एक स्वतंत्र चिंतनाचा विषय झाला आहे. मिर्झा आणि मीर यांच्यातला वाद हाच होता. फरक असा की लखनौच्या मशिदीत त्याचा निवाडा करणारा कोणी नव्हता, म्हणून तलवारीने निवाडा केला. येथे रचनाकारांनी निवाडा नियमातच लिहून ठेवला आहे : एकदा, अधिक नाही. पश्चात्तापाला इतका मोजका हप्ता देणारा नियम हा नीतिविषयक विधानच म्हणावा लागेल.

याहून मोठा फरक नगराच्या स्थानात आहे. बुद्धिबळात राजा पडला की डाव संपतो. नगर पटाबाहेर असते. ‘इन्टू द ब्रीच’मध्ये राजा नाही. आठ बाय आठच्या पटावरच वस्तीच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्या पडत गेल्या की वीजजाळ्याचे बळ घटत शून्यावर येते व डाव जातो. खेळाडूंचे बोलणेही त्यामुळे बदललेले दिसते. शत्रू किती मारले याचा अभिमान कमी, आणि एकही इमारत पडू दिली नाही याचा अधिक. इमारतीसाठी यंत्रमानव पुढे करून चालकाचा बळी द्यावा काय, यावर ते गांभीर्याने वाद घालतात. मीर-मिर्झांची चूक या खेळाच्या नियमांत करताच येत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु हा निष्कर्ष घाईचा ठरेल. डाव हरल्यावर या खेळात जे घडते ते तपासून पाहावे. वाचलेल्या चालकांपैकी एकाला दुसऱ्या काळप्रवाहात पाठवता येते. मागचे जग किड्यांच्या स्वाधीन होते आणि नव्या जगात डाव पुन्हा सुरू होतो. चालक अनुभव घेऊन जातो, नगर मागे राहते. गोमती ओलांडून जाणारे दोन जहागीरदार येथे परत भेटतात. अनेक खेळाडू या सोयीचे वर्णन बक्षीस म्हणून करतात; आधीचा डाव वाया गेला नाही, असे समाधान त्यात असते. थोड्यांनाच मागे टाकलेल्या जगाची टोचणी जाणवते, आणि ती जाणवणारे अभिप्राय या खेळावरील सर्वोत्तम समीक्षा ठरतात. कारण नियमाने दिलेली सोय ही सुटका आहे की पलायन, हे ते विचारतात. नगर पटावर आणले म्हणजे जबाबदारी आपोआप येत नाही. इमारत ही मोजता येणारी शक्ती झाली की ती राखणे हे कौशल्य होते, आणि कौशल्याला कर्तव्य समजण्याचा मोह होतो.

५

दोन्ही उदाहरणांतून खेळाडूच्या अभिप्रायाची मर्यादा आणि मोल एकत्रच दिसते. मीर आणि मिर्झा यांना इंग्रजी नियमातली घाई ओळखता आली. त्यांची अभिरुची तल्लख होती. कमी पडली ती या अभिरुचीला पटाबाहेर नेण्याची तयारी. आजचा खेळाडू उघडपणाची स्तुती करतो, सवलतीविषयी वाद घालतो, कुळाच्या लक्षणांवर मते देतो. त्याची अभिरुचीही तल्लख आहे. हा नियम कोणी केला, तो आपल्याला काय विसरू देतो, हे त्याने विचारले तर त्याचा अभिप्राय समीक्षेच्या पंक्तीत बसतो. न विचारल्यास तो लखनौच्या त्या दोन रसिकांच्या पंक्तीत बसतो. त्या पंक्तीतही बुद्धीचा अभाव नव्हता, हे प्रेमचंदांनी आणि राय यांनी वेगवेगळ्या शेवटांनी सांगून ठेवले आहे.