पावरीला पेटीचे माप लावू नका

नवापूर-अक्कलकुव्याकडच्या टिमली आणि रोडाली या आदिवासी नाचगाण्यांची अलीकडची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली की एक गोष्ट कानाला टोचत राहते. पावरी आता कीबोर्डवर वाजते. भोपळ्याच्या वाद्याचा तो गुणगुणता, किंचित खरखरीत आवाज यंत्राने छान उचलला आहे. स्वर मात्र काढून घेतले आहेत. सेंट हे सुरांतले अंतर मोजायचे माप; सप्तकाचे १२०० सेंट १२ पट्ट्यांत सारखे वाटायचे, प्रत्येकीला १०० द्यायचे आणि त्या चौकटीत पावरी कोंबायची. वर पुन्हा कौतुक, की आता ती सुरात आली! या ‘सुरात आली’ने मला हा लेख लिहायला लावले.

दोष एकट्या बँडवाल्यांचा नाही. सूर म्हणजे कुठेतरी आधीच ठरलेला आकडा, ही समजूत आपल्या संगीतशास्त्रानेच रुजवली आहे. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली सप्तकातल्या २२ श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरांची, गणिते इंग्रजीत प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा लाभला. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या पाठबळाने श्रुतींची पेटी विलायतेत तयार झाली आणि १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद रंगला. देवलांची तळमळ खरी होती. पेटीचा गांधार ४०० सेंटांवर आणि तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा ३८६वर, हे १४ सेंटांचे अंतर ज्याला खुपले त्याचे कान चांगलेच म्हणायचे. पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय हा की पट्ट्या वाढवा. तेव्हापासून आजच्या २२ श्रुतींच्या हार्मोनियमपर्यंत आपण पट्ट्याच वाढवत आलो. जैराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी १९६३ साली कलावंतांचे स्वर प्रत्यक्ष मोजले. ते एका जागी उभे राहत नाहीत, दोन कलावंतांत तर जुळत नाहीतच, असे त्यांना आढळले. तरी २२चा आकडा आपल्या डोक्यातून उतरला नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तीही परकी मोजपट्टी काढून शास्त्रातली मोजपट्टी बसवण्यासाठीच.

मला वेगळे काही ऐकू येते ते नवापूर-साक्रीच्या डोंगरपट्ट्यात. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. कोकणा, भिल, मावची वस्त्यांत तेव्हा रात्ररात्र पावरी घुमते. वाळवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत जिभेसारख्या पात्या, टोकाला शिंग. वादक नाकाने श्वास घेत राहतो, गालातली हवा सोडत राहतो आणि आवाज तुटू देत नाही. नळीची भोके बोटांच्या बेताने पाडलेली असतात. पातीवर मेणाचा कण चढवला की स्वर उतरतो, खरवडला की चढतो. फुंक वाढली की पुन्हा सरकतो. अशा वाद्यात स्वर ठरवतात ते बांबू, मेण, पाती आणि छाती. त्यातले काहीच दुसऱ्या गावच्या पावरीशी जुळत नाही. जुळायला हवे, असे वाजवणाऱ्याला वाटतही नाही. एका श्वासावर दोन नळ्या वाजतात तेव्हा त्यांच्यातला बारीक फरक हाच आवाजाचा प्राण असतो. ४०० कंपनांच्या आसपास २० सेंटांचे अंतर पडले तर सेकंदाला चार-पाच विस्पंद उठतात. मग आवाज थरथरतो, अंगाला भिडतो. तो फरक पुसला की उरते ती कारखान्यातली शिट्टी.

थाळीवरची कथा तर याहून कठीण परीक्षा घेते. काशाच्या थाळीवर मेणाच्या गोळीत एक काडी उभी करायची आणि बोटांनी वरून खाली ओढत अखंड नाद काढायचा. त्या नादावर कथेकरी रात्रभर गातो. ताणलेल्या तारेची कंपने एकास दोन, एकास तीन अशा सरळ पटीत पडतात; म्हणून तानपुरा पंचम देतो, गांधार देतो. देवलांचे सारे गणित त्या तारेवर उभे आहे. धातूच्या थाळीची स्वाभाविक कंपने तशी पटीत पडत नाहीत. मग तिच्यावर गाणाऱ्याने तारेचाच गांधार का लावावा? तो नाही लावला म्हणून त्याला बेसूर ठरवणाऱ्या परीक्षकाने आपला तानपुरा घरी ठेवून यावे. त्या थाळीपुढे बसावे, आणि मग बोलावे.

अलेक्झांडर एलिस या इंग्रज पंडिताने ‘सेंट’ हे माप रूढ केले. त्याच मापाने देशोदेशीची सप्तके मोजून १८८५ साली त्याने सांगितले की निसर्गाने दिलेले असे एकच सप्तक जगात नाही. जावा बेटावर दोन गमेलान वाद्यवृंद सारख्या सुरात लावलेले सापडत नाहीत, आणि तिथे ते कोणी दुरुस्तही करायला जात नाही. आपण मात्र माप उचलले आणि निष्कर्ष टाकून दिला. शहाद्या-धडगावच्या पावरा लोकांची बासरी असो की काठी गावच्या होळीतले ढोल, कुठलेही वाद्य मंचावर आले की शेजारी कीबोर्ड येतो, आणि मग कोण कोणाशी जुळवून घेणार हे आधीच ठरलेले असते. हा सुराचा प्रश्न राहत नाही, सत्तेचा होतो. लोकवाद्य ‘अपूर्ण’, शास्त्र ‘पूर्ण’, अशी उतरंड मांडणारे संगीतशिक्षण मला मान्य नाही. कीबोर्डच्या कडेचे चाक सतत फिरवून पट्टीच्या फटीतला स्वर शोधणारा बँडमधला पोरगा या उतरंडीपेक्षा सुराच्या कितीतरी जवळ आहे. त्याला निदान कळले आहे की पट्टीत काहीतरी हरवते.

म्हणून दोन मागण्या. बऱ्याच कीबोर्डांत प्रत्येक पट्टीचा सूर वेगळा लावायची सोय असते. बँडवाल्यांनी गावातल्या पावरीवाल्याला शेजारी बसवावे आणि त्याच्या पावरीप्रमाणे पट्ट्या लावून घ्याव्यात. आणि विद्यापीठांच्या संगीत विभागांनी येत्या मार्गशीर्षात नवापूर-साक्रीच्या वस्त्यांत जाऊन एकेका पावरीचे, एकेका थाळीचे स्वर जसेच्या तसे नोंदवावेत. वादकाचे नाव, गाव आणि वाद्य बनवणाऱ्याचे नाव त्या नोंदीसमोर लिहावे, आणि श्रुतींचा रकाना त्या तक्त्यात ठेवू नये.