तंतूचे नाव आणि काँक्रीटचे मिश्रण

सिमेंटविरहित काँक्रीटात वनस्पतिजन्य तंतू वापरण्याविषयी मराठीत जे लेखन होते, त्यातील एक उणीव भाषेच्या अभ्यासकास खटकते. ‘ताग’ या एकाच शब्दाने तीन वनस्पतींचा निर्देश होतो. पुणे जिल्ह्यातील शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतो, तो ताग ‘क्रोटालेरिया जुन्सिया’. पोत्यांचा ताग ‘कॉर्कोरस’. आणि ‘हेम्प’चे भाषांतर म्हणून येणारा ताग म्हणजे वस्तुतः भांग. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांना जो तंतू आढळला (२०१६), तो भांगेचाच होय.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. लिग्निनाचे प्रमाण वनस्पतिपरत्वे भिन्न असते, आणि तीव्र अल्कधर्मी मिश्रणात लिग्निन व हेमिसेल्युलोज यांचा ऱ्हास होतो. सिमेंट वगळून राख वा धातुमळी अल्कलीने सक्रिय केली, तरी ही अल्कधर्मिता उरतेच. तेव्हा वेरूळच्या मातीत तंतू टिकला, म्हणून तो अशा काँक्रीटातही टिकेल, हे अनुमान ग्राह्य ठरत नाही.

सारांश, तंतूचे शास्त्रीय नाव आणि बंधकाचे स्वरूप ही दोन्ही न देणारे लेखन वाचून कोणी मिश्रण केले, तर त्यात भलताच तंतू पडेल. तो दोष गवंड्याचा नसून लेखकाचा असेल.