पगार कोणत्या खान्यात टाकायचा?

मागच्या वेळी आपण मॅस्लोपाशी थांबलो होतो. आज हर्झबर्ग. मॅनेजमेंटच्या वर्गात यांचा ‘द्विघटक सिद्धांत’ सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. आज तो जरा तपासून पाहू.

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरात सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं: नोकरीत फार छान वाटलं असा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं असाही सांगा. १९५९ साली त्यावर पुस्तक आलं. छान प्रसंगांत यश, कौतुक, जबाबदारी, कामाची गोडी. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणं, साहेबांची वागणूक. पगार, कामाची जागा या गोष्टी हर्झबर्गनी दुसऱ्या खान्यात टाकल्या आणि त्या खान्याला नाव दिलं ‘हायजीन’. म्हणजे कसं, तर पाण्याची टाकी स्वच्छ ठेवली की आजार टळतो, पण त्यानं अंगात ताकद येत नाही.

यातलं खरं ते आधी मान्य करू. काम नीरस असेल तर नुसत्या पगारवाढीनं ते गोड होत नाही, हे हर्झबर्गनी ठामपणे मांडलं. कामाची रचनाच बदला, असं मालकांना सांगणं ही लहान गोष्ट नव्हती.

पण अडचण त्यांच्या प्रश्नातच आहे. पास झालो तर ‘अभ्यास केला’, नापास झालो तर ‘पेपर अवघड होता’, असं आपण सगळेच म्हणतो. यश आपलं, अपयश परिस्थितीचं. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. शिवाय हर्झबर्गच्याच आकडेवारीत पगार दोन्हीकडे येतो, चांगल्या प्रसंगांतही आणि वाईटही. मग तो एकाच खान्यात का कोंबायचा?

आणि प्रश्न विचारला कुणाला? ठरलेला पगार हातात पडणाऱ्यांना. आता आपल्या आशाताईंकडे बघा. २००५ पासूनच्या या योजनेत त्या ‘स्वयंसेविका’ म्हणवल्या जातात. त्यांना मिळतो तो बहुतांशी कामागणिक मोबदला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला. हर्झबर्गच्या भाषेत हा अस्सल ‘प्रेरक’ घटक. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, मानधनवाढीसाठी.

हर्झबर्ग इथे म्हणतील, हायजीन नाही म्हणून असंतोष. मान्य, पगार कापा असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण संप हा फक्त असंतोष आहे का? आमच्या कामाला काम म्हणा, ही मागणीही त्यात आहे. तिथे पगार हेच कौतुक असतं, आणि दोन खान्यांमधली भिंत पडते.

म्हणून यापुढे कुणी साहेब ‘पैशानं माणूस प्रेरित होत नाही’ म्हणाले, तर आपण एवढंच विचारू: हे कुणाला विचारून ठरवलंत?