ध्वनिवर्धकाचे मापन आणि स्वराचा प्रत्यय

ध्वनिवर्धकाची विकृती शेकडा किती, या एका आकड्यावरून त्याची योग्यता ठरविण्याचा प्रघात जुना आहे. त्याची मर्यादा १९६० नंतरच्या आरंभीच्या ट्रान्झिस्टर ध्वनिवर्धकांनी उघड केली. पूर्ण शक्तीवर मोजता त्यांतील अनेकांची विकृती अत्यल्प भरे. परंतु तरंगाचा धन भाग एक ट्रान्झिस्टर व ऋण भाग दुसरा वाहून नेत असल्याने दोहोंच्या सांध्यावर खोट राही. मोठ्या आवाजात ती लोपे. मंद आवाजात तिचे प्रमाण वाढे आणि तिच्यातून उद्भवणारे उच्च उपस्वर कानास खुपत. तंबोऱ्याचा विरत जाणारा षड्ज अशा यंत्रावर ऐकला, तर जवारीच्या स्वाभाविक उपस्वरांत परके उपस्वर मिसळतात. त्यांचा पत्ता तो आकडा लागू देत नाही.

एवढ्यावरून मापन व्यर्थ ठरत नाही. बी. बी. सी.तील डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच, उच्च उपस्वरांना अधिक भार देऊन विकृती मोजावी, असे सुचविले होते. रूढ मापनाने ती सूचना स्वीकारली नाही. तांत्रिक उत्कृष्टतेने सुस्वरता आपोआप साधते, हे मत म्हणूनच टिकत नाही. कोणता दोष कानास किती जाणवतो हे आधी ठरवावे, मगच त्याचे माप घ्यावे.