रेचल कार्सन : दोन प्रकारचे मौन

आजारी माणसाचे चरित्र लिहिताना लेखणी बहुधा दोन ठिकाणी घसरते. एक तर व्याधीलाच नायकत्व मिळते आणि माणूस तिच्या आड जातो. नाही तर व्याधी दोन ओळींत उरकून चरित्रनायिकेची मूर्ती मखरात बसविली जाते. ‘सायलेंट स्प्रिंग’ म्हणजे ‘निःशब्द वसंत’ या ग्रंथाच्या लेखिका रेचल कार्सन यांच्या वाट्याला हे दोन्ही अन्याय आले आहेत. कोणी तो ग्रंथ मरणाच्या छायेतील स्त्रीचा आक्रोश मानतात, कोणी लेखिकेला हुतात्म्याच्या पदवीस चढवितात. आमच्या मते या दोन्ही वाचनांत ग्रंथाचे मर्म निसटते.

बाईंचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, स्प्रिंगडेल या गावी झाला. सागरी जीवांचा अभ्यास हा त्यांचा विषय. सरकारच्या मत्स्य व वन्यजीव खात्यातील नोकरी हे उपजीविकेचे साधन. १९५१ साली निघालेल्या ‘द सी अराउंड अस’ या पुस्तकाने त्यांस कीर्ती दिली. विवाह केला नाही, तरी प्रपंच सुटला नाही : वृद्ध आईची शुश्रूषा केली आणि १९५७ साली भाचीच्या पोरक्या मुलाला दत्तक घेतले. कीटकनाशक रसायनांविषयीचा ग्रंथ लिहिण्यास त्या बसल्या, त्या अशा भरल्या संसारातून.

१९६० च्या एप्रिलमध्ये त्यांच्या स्तनातील गाठीवर मोठी शस्त्रक्रिया झाली. बाईंनी सरळ प्रश्न केला असताही शस्त्रवैद्याने खरे उत्तर दिले नाही. अवस्था घातकतेच्या सीमेवरची आहे, पुढील उपचाराचे कारण नाही, एवढेच सांगितले. रुग्ण स्त्रीला सत्य सांगू नये, सांगायचेच तर तिच्या पतीस सांगावे, अशी त्या काळी तेथेही रीत होती. डिसेंबरात बरगडीजवळ सूज दिसली तेव्हा त्यांनी क्लीव्हलंडचे डॉ. जॉर्ज क्राइल यांस गाठले. त्यांनी रोग पसरत असल्याचे स्पष्ट सांगितले. मधले आठ महिने उपचाराविना गेले होते. ज्ञान हेच जिचे व्रत, तिला स्वतःच्या देहाविषयीच अज्ञानात ठेवले गेले. हे पहिले मौन. ते दुसऱ्यांनी लादलेले होते.

दुसरे मौन त्यांनी स्वतः स्वीकारले. आपला रोग जगजाहीर झाला, तर ‘लेखिका स्वतः कर्करोगी आहे, तिचे मत निःपक्षपाती कसे?’ असे रसायनांचे कैवारी म्हणतील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून अगदी थोड्या आप्तमित्रांवाचून कोणास त्यांनी कळू दिले नाही; चालणे अवघड झाले तेव्हा संधिवाताचे निमित्त सांगितले. ४ जून १९६३ रोजी सिनेटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्यानंतर त्यांच्या आयुष्याचे अवघे दहा महिने उरले होते.

या दुसऱ्या मौनाची कसोटी ग्रंथाच्या चौदाव्या प्रकरणात लागते. त्या प्रकरणाचा विषयच कर्करोग. तेथे एक उसासा, एक सूचक वाक्य अगदी सहज आले असते. परंतु लेखिका आपणांस १७७५ सालच्या लंडनमध्ये नेते, धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या रोगाचे कारण काजळीत शोधणाऱ्या पर्सिव्हल पॉटची गोष्ट सांगते, आणि तेथून क्रमाक्रमाने रसायनांपर्यंत येते. ‘मी’ कोठेच नाही. ग्रंथ भावनाविवश आहे, असा आक्षेप १९६२ साली अनेकांनी घेतला. हे एकच प्रकरण त्यास पुरेसे उत्तर आहे. दोष नाही असे नव्हे. वॉरबर्गच्या पेशी-श्वसनाच्या उपपत्तीवर त्यांनी टाकलेला भार आज जड वाटतो, कारण सर्व कर्करोगांचे मूळ म्हणून ती उपपत्ती टिकली नाही. पण हा त्या काळच्या विज्ञानाचा दोष. लेखिकेच्या दुखण्याचा नव्हे.

मग त्या दुखण्यातील माणूस कोठे भेटतो? तो पत्रांत भेटतो. मेन प्रांताच्या किनाऱ्यावरील शेजारीण व जिवलग मैत्रीण डोरोथी फ्रीमन हिच्याशी झालेला पत्रव्यवहार १९९५ साली ‘ऑलवेज, रेचल’ या नावाने प्रसिद्ध झाला. डोळ्यांच्या दाहामुळे कित्येक आठवडे वाचता येईना, तेव्हा साहाय्यक बाईने मजकूर मोठ्याने वाचावा व यांनी तो ऐकून सुधारावा, असा क्रम चालला. या पत्रांत भीती आहे, थकवा आहे, स्वतःच्या दुखण्यांच्या यादीवर केलेला विनोदही आहे. सप्टेंबर १९६३ मधील एका पत्रात, दक्षिणेकडे उडत निघालेल्या मोनार्क फुलपाखरांविषयी त्यांनी लिहिले आहे. ती परत येणार नाहीत हे ठाऊक असूनही ते दृश्य त्यांस खिन्न वाटले नाही. आयुष्याचा क्रम पुरा होण्यात दुःख मानू नये, हा त्यांचा भाव. कोठलाही उपदेश न करता लिहिलेले हे पान आम्हांस त्यांच्या गद्यातील उत्तम पानांपैकी एक वाटते.

१४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. अस्थींचा काही भाग आईच्या समाधीशेजारी ठेवला गेला, काही भाग डोरोथीने मेनच्या सागरतीरी विसर्जित केला.

देवळाच्या चौकात संतचरित्रे ऐकत वाढलेल्या आम्हां मंडळींस दुःखाचे तप करून टाकण्याची सवय आहे. ‘सोसले हो तिने, पण तोंडातून शब्द काढला नाही,’ ही आपल्याकडील स्त्रीची थोर स्तुती. कार्सनबाईंचे चरित्र या स्तुतीकडे पुन्हा पाहावयास लावते. घरातील बाईच्या रोगाचे नाव तिच्याच कानावर जाऊ नये म्हणून दाराआड कुजबुजणारी घरे अद्याप आपल्यांत आहेत. हेतू मायेचा असतो, हे खरे. पण तिचे मौन तेव्हा तिचे राहत नाही. रेचल कार्सन गप्प राहिल्या, त्या सर्व काही जाणून, काय सांगावे नि कोणास सांगावे याचा निर्णय स्वतः करून. त्यांच्या संयमाचे मोल या निर्णयात आहे. तो अधिकार ज्या स्त्रीस दिलाच नाही, तिच्या मौनाची वाखाणणी करण्याचा अधिकार आपणांसही नाही.