व्हॉल्व्हचा ‘उबदार’ आवाज : एक तपासणी

गेल्या काही वर्षांत तबकड्या ऐकणाऱ्यांची संख्या पुन्हा वाढली आहे. त्यांच्याबरोबर व्हॉल्व्हचे, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील निर्वात नलिकेचे, फोनो प्रीअँप्लिफायरही परत आले आहेत. त्यांची भलामण करणाऱ्या लिखाणात एक शब्द हटकून भेटतो, ‘उबदार’. ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा आणि व्हॉल्व्हचा उबदार, असे सांगितले जाते. माझी तक्रार अशी की, हा शब्द उच्चारला की चौकशी तेथेच थांबते. ऊब कोठून आली, ती तबकडीत होती की उपकरणात शिरली, हे कोणी विचारत नाही. परिणामी महाग व्हॉल्व्ह बदलत राहणारे अनेक रसिक आढळतात, पण आपला प्रीअँप नीट जुळवलेला असणारे थोडे. म्हणून या शब्दाचीच तपासणी करू.

प्रथम प्रीअँपचे काम काय ते पाहू. तबकडीच्या खाचेतून फिरणारी सुई कार्ट्रिजमधील चुंबक हलवते आणि वेटोळ्यात साधारण ५ मिलिव्होल्ट इतका विद्युत् दाब प्रवर्तित होतो. तो शंभरपट वाढवला की मुख्य अँप्लिफायरला पुरेसा अर्धा व्होल्ट मिळतो. पण नुसती वाढ पुरत नाही. तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच इतकी नागमोडी होईल की ती शेजारच्या खाचेत घुसेल. उलट उच्च कंप्रतेचे स्वर उचललेले असतात, म्हणजे पृष्ठभागाची खरखर त्यांच्याखाली झाकली जाते. वाजवताना प्रीअँपने हे नेमके उलटे करायचे असते. ते किती करायचे याचे प्रमाण अमेरिकेत १९५४ साली ठरले आणि पुढे जगभर रूढ झाले. त्याला आर.आय.ए.ए. वक्र म्हणतात. १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे नऊपट अधिक विवर्धन आणि २०,००० हर्ट्झला सुमारे नऊ-दहापट कमी, असा हा वक्र आहे.

या एका वक्रातून जुळवणीच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची आहे. त्या कंप्रतेला वक्र जवळजवळ सातपट उचल देतो. म्हणजे १,००० हर्ट्झचा संकेत शंभरपट वाढत असेल, तर विजेची घरघर सातशेपट वाढते! म्हणून प्रीअँप कोठे ठेवला आहे, याला व्हॉल्व्ह कोणत्या कारखान्याचा आहे यापेक्षा अधिक महत्त्व आहे. तो मुख्य अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून आणि तबकडीच्या मोटरपासून दूर हवा, कार्ट्रिजकडून येणारी तार आखूड हवी आणि विजेच्या तारेला समांतर जाऊ नये. टर्नटेबलची भू-तार प्रीअँपच्या भू-खिळीला जोडावी, मात्र दोन ठिकाणी भू-जोडणी करून तारांचे बंद वेटोळे तयार करू नये. अशा वेटोळ्यात फॅरडेच्या नियमानुसार ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची तार काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये.

घरघर ऐकून तिचे कारण ओळखता येते. ती ५० हर्ट्झची असेल तर दोष बहुधा प्रवर्तनात किंवा भू-जोडणीत असतो. ती १०० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक वर असेल, तर वीजपुरवठ्यातील पूर्णतरंग एकदिशकरणानंतर उरलेली लहर हे तिचे कारण असते आणि तेथील धारित्र जुने झालेले असण्याचा संभव असतो. मोबाइलवर कंप्रता दाखवणारी साधी सोय असली तरी हा भेद कळतो. वर्गात एकदिशकारक शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

आता ‘उबदार’ या शब्दाच्या अधिक जवळ जाऊ. कार्ट्रिजच्या वेटोळ्याचे स्वप्रवर्तन साधारण ०.५ हेन्री असते. त्याला तारांची आणि प्रीअँपची धारिता जोडली जाते आणि अनुस्पंदी मंडल तयार होते. एकूण धारिता २५० पिकोफॅरड असेल तर अनुस्पंदन सुमारे १४,००० हर्ट्झला येते, आणि ५०० पिकोफॅरड असेल तर ते १०,००० हर्ट्झपर्यंत खाली उतरते. त्या जागी आवाजात उंचवटा येतो आणि त्याच्या पलीकडे झपाट्याने घसरण होते. म्हणून कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात ४७ किलोओहम रोधाबरोबर धारिताही दिलेली असते, आणि ती फार थोडे लोक वाचतात.

येथे व्हॉल्व्हची एक गंमत आहे. बहुतेक फोनो प्रीअँपमध्ये पहिल्या टप्प्यात ईसीसी ८३ ही जोड-ट्रायोड असते. तिच्या जालक आणि धनाग्र यांच्यातील धारिता अवघी १.६ पिकोफॅरड आहे. पण जालकाचा दाब एक मात्रा वाढला की धनाग्राचा दाब साठ मात्रा खाली जातो. त्यामुळे त्या धारित्राला एकसष्टपट विद्युत् भार पुरवावा लागतो, आणि कार्ट्रिजला ती धारिता जवळजवळ १०० पिकोफॅरड भासते. हाच मिलर परिणाम. तारांचे १५० आणि व्हॉल्व्हचे १०० मिळून वर म्हटलेले २५० झाले. निर्मात्याने आत आणखी २२० चे धारित्र बसवले असेल तर आपण ५०० च्या जवळ पोचतो. मग वरचे स्वर मऊ होतात आणि ऐकणारा म्हणतो, ‘काय उबदार आवाज आहे!’

दुसरी जागा वक्राचीच. काही प्रीअँपमध्ये निर्गमाचा काही भाग मागे परत देऊन वक्र साधलेला असतो. तेथे व्हॉल्व्ह बदलल्याने फारसे बिघडत नाही. काहींमध्ये मात्र दोन टप्प्यांच्या मध्ये रोधक-धारित्रांचे जाळे असते आणि व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध (ईसीसी ८३ मध्ये साधारण ६० किलोओहम) त्या जाळ्याचा एक घटक बनतो. व्हॉल्व्ह जुना झाला किंवा वेगळ्या जातीचा घातला की वक्र थोडा सरकतो. अर्ध्या डेसिबलचा फरक रुंद पट्ट्यात पसरला तर तो कानाला ‘स्वभाव’ म्हणून जाणवू शकतो. म्हणजे ज्याला व्हॉल्व्हचे व्यक्तिमत्त्व म्हटले जाते, तो पुष्कळदा वक्रातील दोष असतो.

मी स्वतः या फसवणुकीतून सुटलेलो नाही. एका मित्राने त्याच जातीचा, पण दुसऱ्या कारखान्याचा व्हॉल्व्ह घातला आणि आवाज अधिक मोकळा झाल्याचे मला ताबडतोब ‘ऐकू आले’. नंतर मोजले तेव्हा नव्या व्हॉल्व्हची पातळी सुमारे एक डेसिबल जास्त निघाली. किंचित मोठा आवाज आपल्याला अधिक चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. पातळी सारखी केली, कोणता व्हॉल्व्ह चालू आहे हे मला न सांगता दहा वेळा ऐकवले, आणि मी सहा वेळा बरोबर ओळखले. नुसते नाणे उडवले तरी दहापैकी सहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते. माझी मोकळीक तेथेच संपली.

मग व्हॉल्व्हला गुणच नाहीत का? आहेत, आणि ते मान्य केले पाहिजेत. तो २५० ते ३०० व्होल्टवर चालतो, त्यामुळे तबकडीवरील ओरखड्याचा जोरदार ठोका तो न गुदमरता पार करू शकतो. ट्रायोडची विकृती मुख्यतः दुसऱ्या संनादाची, म्हणजे त्याच स्वराच्या तार सप्तकातील जोडीदाराची असते आणि ती कानाला खटकत नाही. पण काही मिलिव्होल्टच्या संकेताला ही विकृती बहुधा इतकी अल्प असते की तिच्यावर उबेचे श्रेय लादता येत नाही. दोषही आहेत. व्हॉल्व्हमध्ये खुसखुस असते, आणि आतील भाग हलले तर तो स्वतःच मायक्रोफोन बनतो. आवाज लहान ठेवून त्याच्या काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर तो व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यात नको.

आता या तपासणीमागचे खरे कारण सांगतो. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रण आले, पण आर.आय.ए.ए. वक्र १९५४ चा. मधल्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे प्रघात होते. एच.एम.व्ही.च्या परंपरेतील मुद्रणात सर्वसाधारणपणे २५० हर्ट्झच्या खालचा भाग तेवढा दाबलेला असे आणि वरच्या स्वरांना उचल नसे. अशी तबकडी आजच्या प्रीअँपवर वाजवली की जे उचललेच नव्हते ते खाली दाबले जाते. ५,००० हर्ट्झला ८ डेसिबल जातात, म्हणजे दाबाचा चाळीस टक्क्यांहून कमी भाग उरतो. १०० हर्ट्झला उलट जवळजवळ ५ डेसिबल जास्त मिळतात. खर्ज फुगतो, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, तंबोऱ्याची जवारी विझते. हीच जुन्या गाण्याची ऊब!

अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, मास्टर दीनानाथ १९४२ साली. एल.पी. तबकडी आली १९४८ साली. तेव्हा या दोघांच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्याच. चुकीच्या वक्रातून त्या ऐकून आपण ‘त्या काळचा आवाज’ असे जे मत बनवतो, ते त्यांच्या गळ्याबद्दल असते की आपल्या प्रीअँपबद्दल? १९५० च्या दशकाअखेरच्या मॅरँट्झ ७ या गाजलेल्या व्हॉल्व्ह प्रीअँपवर जुन्या तबकड्यांसाठी वेगळी कळ होती. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांतून ती गेली आहे, आणि त्यांची स्तुती करणाऱ्या लिखाणात या उणिवेचा उल्लेखही सहसा नसतो. कळ नसेल तर संगणकावर मुद्रण करून वक्र दुरुस्त करता येतो. सुईही बदलावी लागते. एल.पी.ची सुई साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येची, तर ७८ ची ६५ ते ७५ मायक्रॉनची असते.

थोडक्यात क्रम असा ठेवावा. आधी सुई आणि तिचा भार, मग जागा आणि भू-जोडणी, मग धारिता, मग वक्र, आणि हे सर्व झाल्यावर व्हॉल्व्ह. ऐकण्यापूर्वी वीस-तीस मिनिटे यंत्र तापू द्यावे. पेटी मात्र विद्यार्थ्यांसमोर उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतील धारित्रांत जीवघेणा दाब राहू शकतो.

‘उबदार’ हा शब्द आवडीचे वर्णन म्हणून वापरायला माझी हरकत नाही. पण विद्यार्थ्याने तो उच्चारला तर शिक्षकाने शांतपणे विचारावे, ‘किती हर्ट्झला, किती डेसिबल?’ उत्तर शोधताना त्याला प्रवर्तन, अनुस्पंदन आणि संभाव्यता ही तिन्ही प्रकरणे पुन्हा वाचावी लागतील, आणि पुढच्या खेपेस तो दीनानाथांचे गाणे अधिक लक्ष देऊन ऐकेल.