'एक्लिप्स' : नशिबाचा जोडीदार आणि लीआचे दुःख

उर्दूच्या तासाला मीर हसन यांच्या 'सिहरुल बयान' या मस्नवीची कथा सांगून संपवली, तेव्हा शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "टीचर, फिर माहरुख का क्या हुआ?" माहरुख ही परी. गच्चीवर झोपलेल्या शहजादा बेनजीरला ती परिस्तानात उचलून नेते, त्याच्यावर जीव टाकते, मन रमावे म्हणून त्याला कळ फिरवली की उडणारा घोडा देते. त्याच घोड्यावरून जाऊन तो बद्रे मुनीरवर आशिक होतो. संतापलेली माहरुख त्याला विहिरीत डांबते. पुढे वजीरजादी नजमुन्निसा जोगीण होऊन त्याची सुटका घडवून आणते, दोन लग्ने लागतात आणि मस्नवी संपते. माहरुखकडे मात्र कवी परत वळून पाहत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरच्या या मस्नवीविषयीचा तो प्रश्न मला अनपेक्षित होता. नंतर कळले की ती मुलगी कॉलेजात जाणाऱ्या बहिणीची 'एक्लिप्स' ही इंग्रजी कादंबरी चोरून वाचत होती. मी ती तिच्याकडूनच मागून घेतली आणि पुढचा भागही मिळवून वाचला.

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' मालिका २००५ ते २००८ या काळात चार भागांत आली. 'एक्लिप्स' (२००७) हा तिसरा भाग, 'ब्रेकिंग डॉन' (२००८) हा चौथा. बेला ही साधी मुलगी, रक्तपिपासू पण सज्जन एडवर्ड आणि लांडग्याचे रूप घेणारा जेकब, असा हा त्रिकोण. बेला-एडवर्डच्या प्रेमावर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. त्यांच्या गोड बोलण्याची पाने मी भराभर उलटली, हे कबूल करते.

मला थांबवले ते लांडग्यांच्या नियमाने. त्यांच्यापैकी एखाद्याची नजर एका विशिष्ट स्त्रीवर पडली की त्याच क्षणी ती त्याची कायमची होते. मागचे सारे पुसले जाते. लेखिकेने यासाठी 'इम्प्रिंटिंग' हा शब्द घेतला आहे. प्राणिशास्त्रात तो बदकाच्या पिलांसाठी वापरतात. अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिल्यांदा हलताना दिसेल त्याच्या मागे पिलू चालू लागते. प्रेमाला ही उपमा लावताना लेखिकेला त्यातला विनोद जाणवलेला दिसत नाही.

या नियमाचा पहिला बळी लीआ क्लिअरवॉटर. सॅम हा टोळीचा म्होरक्या तिचा प्रियकर. लीआची नात्यातली बहीण एमिली पाहुणी म्हणून येते, सॅमची नजर तिच्यावर पडते आणि खेळ संपतो. सॅम वाईट माणूस नाही, त्याला अपराधी वाटते. पण इलाज नाही. पुढे लीआचे वडील जातात. ती स्वतःही लांडगा होते, टोळीतली एकटी स्त्री. आणि लांडग्याच्या रूपात सगळ्यांची मने एकमेकांना ऐकू येतात!

ही कल्पना लेखिकेची खरी कमाई आहे, असे मला वाटते. आपल्या गझलेतला आशिक निदान एकांतात रडतो. लीआला तो एकांतही नाही. सॅमच्या मनातली एमिली तिला पाहावी लागते आणि तिची जखम सगळी टोळी पाहते. टोळीतली मुले तिला कडवट, तुसडी म्हणतात. एमिलीच्या लग्नात तिने करवली व्हावे अशीही अपेक्षा असते. 'ब्रेकिंग डॉन'मध्ये ती जेकबच्या वेगळ्या टोळीत जाते, का तर सॅमचे मन ऐकू येऊ नये म्हणून. तिथे ती जेकबशी जे मोकळेपणाने बोलते, ती पाने मला चारही भागांत सर्वांत खरी वाटली. आपल्यावरही कोणाचा तरी ठसा उमटावा, म्हणजे सुटका होईल, असे तिला वाटते. प्रेमाची नव्हे, विसरण्याची भूक.

आता एमिली. तिने आधी सॅमला नाकारले, त्याच्यावर ती संतापली. सॅमचा तोल गेला, तो लांडगा झाला आणि तिच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उमटले. त्यानंतर तीच त्याचे सांत्वन करते आणि त्याची होते. लेखिका हे प्रेमाची थोरवी म्हणून सांगते. मला ते वाचवले नाही. 'नाही' म्हणणाऱ्या बाईचे 'नाही' इथे फक्त वाट पाहण्याचा काळ ठरते. क्विल या लांडग्याचा ठसा तर दोन वर्षांच्या मुलीवर उमटतो आणि जेकबचा नवजात बाळावर. लेखिका म्हणते, तोवर तो भावासारखा राहील. ठीक, पण मुलीने मोठेपणी दुसरे काही निवडायचे ठरवले तर?

आपल्याकडे कोणी म्हणेल, जोड्या तर वरच ठरतात, तकदीरवर आपलाही ईमान आहे. आहेच. पण तकदीरचा कागद कोणाच्या हातात दिलेला नाही. गैब फक्त अल्लाह जाणतो. मेयरच्या लांडग्याला तो कागद एका नजरेत वाचता येतो, हा फरक मोठा आहे. निकाहात इजाब-कबूल ठेवले आहे ते यासाठीच.

हदीसमध्ये बरीरा आणि मुगीस यांचा प्रसंग येतो. बरीरा गुलामीतून मुक्त झाली आणि पतीपासून वेगळे होण्याचा हक्क तिला मिळाला. तिने तो वापरला. मुगीस मदिन्याच्या गल्ल्यांतून तिच्यामागे रडत फिरे, दाढी आसवांनी भिजे. पैगंबरांनाही (स.) त्याची कीव आली. त्यांनी बरीराला परत जाण्याविषयी सुचवले. तिने विचारले, हा हुकूम आहे का? नाही, फक्त शिफारस आहे, असे उत्तर मिळाल्यावर तिने नकार दिला आणि तो नकार मानला गेला. मुगीसच्या आसवांची कोणी थट्टा केली नाही आणि त्या आसवांसाठी बरीराला परतही पाठवले नाही. एवढ्या छोट्या प्रसंगात जे मावले, ते मेयरच्या चार जाड भागांत मावत नाही.

आणखी एक गोष्ट. क्विल्यूट ही जमात काल्पनिक नाही. वॉशिंग्टन राज्यात ला पुश येथे ती आजही राहते. लांडग्यांपासून आपण घडलो अशी त्यांची लोककथा आहे. इम्प्रिंटिंग मात्र मेयरने त्यांच्या नावावर घातले. दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिलेल्या कथांत आपण काय काय वाचतो, हे आठवले की त्या लोकांविषयी जवळीक वाटते.

पुस्तक परत देताना त्या मुलीला मी विचारले, तुला कोण आवडले? मला वाटले, एडवर्ड म्हणेल. ती म्हणाली, "लीआ. पर उसका भी आगे कुछ नहीं बताया." शेवटच्या भागात लीआ जेकबची उजवा हात होते, एकटीच राहते. तिच्या नावाचा ठसा कोणावर उमटत नाही. कादंबरी बेलाच्या सुखात संपते.